ढकललं ते वेगळं, पाना मारला ते वेगळं

प्रश्न निपाणीच्या एका गृहस्थांचा आहे. बायको-मुलीला घेऊन ते बेळगावला निघाले होते. हत्तरगी टोलनाक्याच्या अलीकडे मोटरसायकलवरच्या दोघा पोरांना वाटलं, यांनी कट मारला. पोरांनी पुढे जाऊन गाडी आडवी घातली. एकाने खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली, दुसऱ्याने दार उघडून कॉलर धरली, बाहेर ओढलं आणि दोन चपराका दिल्या. यांनी त्याला जोरात ढकललं. तो डांबरावर हात टेकून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. मग यांनी डिकीतला व्हील पाना काढून चावीवाल्याच्या पाठीत एक घातला. लोक जमले, चावी परत मिळाली, हे निघून आले. दोन दिवसांनी पोलिसांची नोटीस दारात, आणि गुन्हा यांच्यावरच. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. त्यांनी आधी हात उचलला, मग हे सेल्फ डिफेन्स नाही का? आता उलट तक्रार देता येईल का? आणि यापुढे गाडीत रॉड ठेवावा का?

सरळ उत्तर आधी देतो. ढकललं ते बहुतेक निभावेल. पाना निभावणं अवघड आहे. तुम्ही दोन्ही एकाच दमात सांगताय, कारण तुमच्यासाठी ते एकच भांडण होतं. कोर्ट त्याचे दोन तुकडे करणार आणि दोन्ही वेगवेगळे तपासणार.

बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, कुठल्याही कोर्टात जा, मारामारीतला पक्षकार पहिलं वाक्य हेच बोलतो, ‘वकीलसाहेब, सुरुवात त्यानं केली.’ ते ऐकून घ्यायचं, लिहूनही घ्यायचं, पण त्यावर केस उभी राहत नाही. कायदा विचारतो, तुम्ही हात चालवलात त्या क्षणी तुमच्या अंगावर धोका होता का? धोका असेल तर हक्क आहे. धोका संपला की हक्क संपला, मग सुरुवात कुणीही केलेली असो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाची जुन्या दंड संहितेतली ९६ ते १०६ ही कलमं तिच्यात ३४ ते ४४ झाली आहेत. मजकूर जवळपास तसाच असल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचे जुने निवाडे आजही चालतात. कलम ३५ तुम्हाला स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं रक्षण करण्याचा हक्क देतं. म्हणजे मागच्या सीटवरच्या बायको-मुलीसाठीही. मालमत्तेचंही रक्षण करता येतं: चोरी, जबरी चोरी, नासधूस आणि बेकायदा घुसखोरी यांच्याविरुद्ध. कलम ४० सांगतं की हा हक्क वाजवी भीती निर्माण झाल्यापासून सुरू होतो, पहिला फटका बसायची वाट बघावी लागत नाही, आणि भीती असेपर्यंतच तो टिकतो. कलम ३७ म्हणजे लगाम. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क कधीच नाही.

हे तुमच्या प्रकरणाला लावून बघू.

गाडी आडवी घालून तुमचा रस्ता अडवणं हाच मुळात गुन्हा आहे, कलम १२६(२). चावी काढून घेतल्यावर तर तुम्हाला हलताही येत नव्हतं. त्यावर कॉलर धरली, ओढलं, मारलं. त्या वेळी पोलिसांच्या ११२ नंबरला फोन लावा म्हणणं म्हणजे चेष्टाच. तुम्ही रिकाम्या हाताने ढकललंत, एकदाच. मनगट मोडलं ही वाईट गोष्ट झाली, हाड मोडलं की ती कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत होते, आणि पोलिसांनी ११७(२) लावलं असेल, ज्याची शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे. तो आकडा वाचून घाबरू नका. इजा किती झाली यापेक्षा तुम्ही ताकद किती वापरलीत, हे कोर्ट बघतं. १९५२ च्या अमजद खान खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की जिवावर बेतलेल्या माणसाने सोन्याच्या काट्यात तोलून मारावं अशी अपेक्षा करता येत नाही. २०१० च्या दर्शनसिंग खटल्यात न्यायालयाने या हक्काची दहा तत्त्वं एका ठिकाणी मांडली. हल्ला झाला की पळत सुटावं असं कायदा तुम्हाला सांगत नाही, हेही त्यात आहे.

आता पाना.

तुम्ही लिहिलंय की चावी त्याच्या हातात होती. मग डिकी उघडली कशी? ड्रायव्हरच्या सीटखालचा खटका ओढून, दुसरं काय. म्हणजे पहिला पडल्यावर तुम्ही गाडीत वाकलात, खटका ओढलात, गाडीला वळसा घालून मागे गेलात, डिकी वर केलीत, चटईखालून पाना काढलात, आणि मग चावीवाल्याकडे गेलात. तुमच्या मनात ते दोन सेकंदांचं आहे. सरकारी वकील ते तुमच्याकडून एकेक पाऊल करून वदवून घेणार. आणि शेवटी विचारणार, ‘सीटपर्यंत गेला होतात ना? मग आत बसून दार लावून घेता आलं नसतं?’ त्यातही मार पाठीवर बसलाय. ज्याने पाठ केलीय तो अंगावर येत होता, हे पटवून देणं जड जातं.

१९७४ चा रामस्वरूप खटला इथे तुमच्या विरोधात येईल. बदायूँच्या भाजी मंडईत सकाळी बाचाबाची झाली, एक पक्ष निघून गेला आणि थोड्या वेळाने बंदूक घेऊन परत आला. हत्यार घेऊन भांडणाकडे चालत गेलेल्याला स्वसंरक्षण मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. तुमचं अंतर टोलनाक्यावरच्या डिकीएवढंच आहे, पण दिशा तीच दिसते.

तरी पाना अगदीच निकालात निघाला असं नाही. तुमच्या निवेदनात एक ओळ आहे, तुम्ही ती ओझरती लिहिलीय: चावीवाला ‘खाली वाकला होता’. कशासाठी? दगड उचलायला वाकला असेल, मुलगी बसलेल्या काचेकडे वळला असेल, तर चित्र पालटतं. भीती खरी ठरलीच पाहिजे असं नाही, त्या जागी ती वाजवी होती का एवढंच बघतात. पडलेल्या मित्राला उठवायला वाकला असेल, तर मात्र स्वसंरक्षणाचं नाव घेऊ नका. जे घडलं तेच तुमच्या वकिलाला सांगा. दगड मागाहून रचला की उलटतपासणीत तो तुमच्याच पायावर पडतो, आणि ढकलण्याचा चांगला बचावही त्याच्यासोबत जातो.

पाठीवरच्या माराला बहुधा ११८(१) लावलं असेल, घातक हत्याराने दुखापत, ३ वर्षांपर्यंत. तिथे वेगळं भांडायला जागा आहे. हत्यार म्हणून वापरल्यास मृत्यू येऊ शकेल अशी वस्तू, असे त्या कलमाचे शब्द आहेत. पाठीवर एकच फटका, साधी दुखापत, तर हे ११५(२) मध्येच बसतं असा युक्तिवाद करता येतो. तिथे शिक्षा १ वर्षापर्यंत किंवा दंड १० हजारांपर्यंत.

लोकांमध्ये ‘सेल्फ डिफेन्समध्ये सात खून माफ’ असं बोललं जातं. कलम ३८ मध्ये सात प्रसंग आहेत खरे: मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, पोलिसांपर्यंत पोहोचताच येणार नाही असं कोंडून ठेवणं, ॲसिड. चपराक त्यात नाही. शिवी तर कुठेच नाही. आई-बहिणीवरून शिवी आली म्हणून हात उचलला तर तो हल्लाच. फार तर चिथावणीमुळे शिक्षा कमी होईल.

एका चपराकेचं काय होतं हे बेळगावकरांना सांगायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये खडेबाजारच्या अरुंद रस्त्यात गाडी रिक्षाला घासली एवढ्यावरून गोव्याचे माजी आमदार लवू मामलेदार यांना मारहाण झाली, आणि लॉजच्या जिन्यावर ते कोसळले ते उठलेच नाहीत. तिकडे पतियाळात १९८८ साली गाडीवरून झालेल्या वादात ६५ वर्षांचे एक गृहस्थ गेले. त्यात नवज्योतसिंग सिद्धू यांना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त १ हजार रुपये दंड केला होता. फेरविचारात मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने १ वर्ष सक्तमजुरी दिली, आणि धडधाकट माणसाचा नुसता हातसुद्धा हत्यार ठरू शकतो असं म्हटलं. चौतीस वर्षांनी तुरुंग. समोरच्याचं हृदय, साखर, वय तुम्हाला रस्त्यावर दिसत नाही.

उलट तक्रारीकडे येतो. इथे तुमचं खरं नुकसान झालंय, आणि ते अजून भरून निघू शकतं.

मार खाऊन शहाणा माणूस घरी जातो, ‘कशाला लचांड’ म्हणतो. दुसरा थेट सिव्हिलला जातो, एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची जखमांची नोंद, करून घेतो आणि स्टेशनला बसतो. मग कागदावर तोच फिर्यादी आणि तुम्ही आरोपी. हे रोज घडतं. उशीर झाला म्हणून तक्रार बाद होत नाही, पण उशिराचं कारण पहिल्याच परिच्छेदात लिहा: सोबत लहान मुलगी होती, घाबरलो होतो, आधी घर गाठलं.

तक्रारीत ‘मला मारलं’ एवढंच लिहाल तर साधी दुखापत अदखलपात्र म्हणून नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हातात मिळेल. गाडी अडवली, चावी काढून घेतली, मला आणि कुटुंबाला जाऊ दिलं नाही, हे आधी लिहा. रस्ता अडवणं दखलपात्र आहे. स्टेशनला घेतलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. तुम्ही निपाणीचे आहात म्हणून हे सोपं आहे. कागल किंवा कोल्हापूरच्या वाचकांसाठी सांगतो, घटना कर्नाटकात घडली म्हणून तिकडचं ठाणं हात वर करू शकत नाही. झिरो एफआयआर नोंदवून ती इकडे पाठवणं हे आता कायद्यातच आहे.

भाषेचं एक. फिर्याद कन्नडमध्ये टाइप होते, आपला माणूस मान डोलावतो आणि सही करतो. सही करण्याआधी ती वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि प्रत फुकट मिळते. मी पक्षकारांना आपली हकीकत मराठीत स्वच्छ लिहून, सही-तारखेसह सोबत जोडायला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला सांगतो. पुढे ‘ढकलले’चं ‘आपटले’ झालेलं असेल तर तो कागद कामाला येतो.

पुरावा किती आहे तुमच्याकडे? फाटलेला शर्ट बायकोने धुवायला टाकला नसेल तर बरं. तुटलेलं बटण, कॉलरची उसवलेली शिवण, मानेवरचे ओरखडे, सगळ्याचे फोटो आजच काढा आणि सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाने दिला नाही तर त्यांच्या कहाणीवर संशय येतो, हे १९७६ च्या लक्ष्मी सिंग निवाड्यापासून पक्कं आहे. किरकोळ ओरखड्यांना ते फारसं लागू होत नाही, पण कागदावर काहीच नसण्यापेक्षा ते बरे. स्वसंरक्षण सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते, साक्ष अधिनियम कलम १०८. मात्र सरकार पक्षाइतकं संशयातीत सिद्ध करावं लागत नाही. तुमची हकीकत जास्त संभवनीय आहे एवढं दाखवलं तरी पुरतं, आणि ते त्यांच्याच साक्षीदारांच्या तोंडूनही निघू शकतं.

तुमच्या भांडणाचा व्हिडिओ गावात फिरतोय, त्याने खचू नका. मोबाइल खिशातून निघेपर्यंत अर्धं भांडण होऊन गेलेलं असतं, म्हणून प्रत्येक क्लिप शेवटच्या फटक्यापासून सुरू होते. त्यात फक्त तुम्ही आणि पाना दिसणारच. टोलनाक्याचे, पेट्रोल पंपाचे, ढाब्याचे कॅमेरे आधीचं दाखवू शकतात, पण ते फुटेज काही दिवसांत पुसलं जातं. जपून ठेवायला सांगणारा लेखी अर्ज आजच पोलिसांना द्या, नाक्याच्या व्यवस्थापकालाही एक प्रत. फास्टॅगची वेळ बँकेच्या मेसेजमध्ये आहे, तो डिलीट करू नका. डॅशकॅम असेल तर कार्ड काढून ठेवा, नाहीतर तो स्वतःवरच पुन्हा रेकॉर्ड करतो. कोर्टात द्यायच्या वेळी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील बघेल.

आणि कृपा करून ही क्लिप ‘मराठी माणसाला मारलं’ म्हणून कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. फेब्रुवारी २०२५ मध्येच इथे एका बस कंडक्टरच्या मारहाणीचं प्रकरण दोन राज्यांच्या बसगाड्या बंद होण्यापर्यंत गेलं होतं. भाषेवरून तेढ वाढवणं हे कलम १९६ मध्ये येतं, ३ वर्षांपर्यंत. तुमच्या चांगल्या तक्रारीवर तुम्हीच एक नवा गुन्हा चढवून घ्याल. त्या दोघांची मातृभाषा काय हे तुम्हाला माहीत तरी आहे का? संकेश्वर पट्ट्यात निम्मी पोरं शिव्या दोन्ही भाषांत देतात.

रॉडचं उत्तर नाही असं आहे. जॅक, पाना गाडीचंच सामान आहे, ते डिकीतच असू द्या. सीटखालचा रॉड किंवा हॉकी स्टिक पंचनाम्यात आली की तयारीने निघाला होता, असं दिसतं. तलवार-कोयत्याचा तर विषयच काढू नका, आर्म्स ॲक्ट वेगळा लागतो. पेपर स्प्रेही सगळे समजतात तितका निरुपद्रवी नाही. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात तो घातक हत्यार ठरू शकतो असं म्हणून, जिवाला धोका नसताना तो मारणाऱ्यांवरचा गुन्हा रद्द करायला नकार दिला. एकट्या बाईने पर्समध्ये ठेवण्याला माझी हरकत नाही, मात्र वापरण्याची कसोटी तीच, धोका आत्ता अंगावर आहे का.

रॉडपेक्षा काच उपयोगी. गाडी आडवी आली की काच वर, दारं लॉक, इंजिन चालू, गिअर रिव्हर्समध्ये, ११२ स्पीकरवर. काच फोडेपर्यंत त्यांच्या प्रत्येक कृतीने त्यांचीच कलमं वाढतात आणि तुमचं एकही वाढत नाही. तुमची काच उघडी होती म्हणून चावी गेली. ऊस हंगामात डबल ट्रॉलीच्या मागे अडकल्यावर, साउंड लावलेल्या ट्रॅक्टरवाल्याशी वाद घालायला खाली उतरणारे महाभाग मी बघितलेत. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही ही तक्रार शंभर टक्के खरी, पण ती रात्री नऊला ऊसतोड्यांच्या घोळक्यात मांडायची नसते.

जमावाचा प्रश्न वेगळा. तुमच्या हातून अपघात झाला आणि लोक धावून आले, तर जखमीला मदत करणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे कर्तव्य आहे, पण जमावाच्या क्षोभामुळे शक्य नसेल तर, हा अपवाद त्याच कलमात लिहिलाय. तिथून निघा, थेट जवळच्या ठाण्यात जा. २४ तासांची मुदत आहे, तरी त्याच तासात जा. जिवावरच आलं आणि निघताना निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका असेल, तर त्यासाठी कलम ४४ आहे. ते खरोखर प्राणघातक हल्ल्यापुरतंच, बॉनेटवर थापा मारणाऱ्यांवर गाडी घालायला नाही. आणि गणवेशातल्या पोलिसाने चावी काढली तर हाताने झोंबू नका. त्याचं वागणं नियमात बसत नसेल तरी कलम ३७ तुमचा हक्क बराचसा काढून घेतं. नाव, बक्कल नंबर लिहून घ्या, वरिष्ठांकडे जा.

शेवटी तडजोड. दोन्हीकडून गुन्हे नोंदले गेले की हे काउंटर केस होतात, आणि १९९० च्या नथीलाल निवाड्याप्रमाणे एकाच न्यायाधीशापुढे एकापाठोपाठ चालतात. त्यात गैर काही नाही, उलट दोन्ही बाजू एकाच माणसाला दिसतात. साधी दुखापत आणि रस्ता अडवणं आपसात मिटवता येतं, मनगटाचं कोर्टाच्या परवानगीने. ११८(१) मात्र तसं मिटत नाही, त्यासाठी समझोता घेऊन उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात गुन्हा रद्द करून घ्यायला जावं लागतं. माझं मत विचाराल तर आधी तुमची तक्रार नोंदवा, मग बोलणी करा. तक्रार नसताना तडजोडीला बसलात तर तुम्ही फक्त त्याच्या प्लास्टरचं बिल देऊन उठाल. आणि नोटिशीतली तारीख चुकवू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) च्या नोटिशीला हजर राहणाऱ्याला सहसा अटक होत नाही, गैरहजर राहणाऱ्याला होऊ शकते. जाताना शर्टचे फोटो, दवाखान्याचा कागद आणि मराठीतली हकीकत, तिन्हींच्या दोन-दोन प्रती न्या.